बिराजदार अप्पांचा समुद्र

वर्गात समुद्र आणायचा दिवस असला की बिराजदार अप्पा घरून बायकोचं निळं लुगडं घेऊन यायचे. धोतर, गुडघ्यापर्यंतचा शर्ट, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि काखेत अरबी समुद्र. आठवीच्या वर्गात टेबलावर लुगडं पसरायचं, कडेने खडू रचून किनारा करायचा, दोन मुलांना दोन टोकं धरायला लावायची आणि मग अप्पा ओरडायचे, "भरती!" मुलं लुगडं पुढे सरकवायची. "ओहोटी!" मुलं मागे ओढायची. तिसऱ्या-चौथ्या भरतीला किनारा खाली पडून फुटायचा. शेजारच्या वर्गात मी विज्ञान शिकवत असायचो. माझी मुलं "पाणी आलं, पाणी आलं" करत खिडकीशी पळायची. दुपारी अप्पांच्या घरून निरोप यायचा, बाईंना बारशाला जायचंय, समुद्र लवकर पाठवा.

लातूरच्या आमच्या शाळेत अप्पांनी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि तीसही वर्षं समुद्र न बघता शिकवला. मी नांदेडहून बी.एस्सी., बी.एड. करून नवाच रुजू झालो होतो. आमच्या नांदेडला निदान गोदावरी आहे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी स्वतःला जरा वरच्या दर्जाचा समजत असे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "अप्पा, तुम्ही समुद्र पाहिलाय का हो?"

"न्हाई."

"मग इतकं ठामपणे कसं सांगता?"

अप्पांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी आपटली. "नकाशात हाय म्हंजे हाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं आणि ते कुठेही लागू पडे. औशाच्या रस्त्यावर एकदा त्यांनी मला डबल सीट घेऊन सायकल थेट नाल्यात घातली होती, कारण नकाशात तिथे पूल होता. नाल्यात बसल्याबसल्या ते मला म्हणाले, "पूल हाय. बांधायचा राहिलाय."

त्या सुमाराला लातूरचा नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून आपण सुटलो म्हणून गावात गुलाल उधळला गेला, कचेऱ्यांच्या पाट्या रंगल्या, आणि जो तो एकमेकांना "आता आपुन जिल्ह्याचे" असं सांगत फिरू लागला. पण नव्या जिल्ह्याचा नकाशा काही शाळेत येईना. दोन पत्रं गेली, तरी नाही. तेवढ्यात तपासणीची तारीख आली. अप्पा एका शनिवारी दाढीचं पातं घेऊन खुर्चीवर चढले आणि भिंतीवरच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या नकाशातून लातूर, उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर व्यवस्थित कापून काढले. नवा जिल्हा त्यांनी समोरच्या भिंतीवर खळीने चिकटवला. जुना जिल्हा पोटात भलंमोठं भोक घेऊन जागच्या जागीच राहिला.

हेडमास्तर वर्गात आले आणि भोकातून दिसणारा भिंतीचा चुना बघत उभे राहिले. "बिराजदार, हे काय केलं?"

"सरकारनं केलं ते मी केलं सर."

तपासणी अधिकाऱ्यांनी एका मुलाला लातूरच्या शेजारचे जिल्हे विचारले. त्याने न अडखळता "भिंत" असं उत्तर दिलं. अप्पांच्या शेऱ्यात काय लिहिलं गेलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण तो महिनाभर ते हेडमास्तरांच्या खोलीवरून जाताना चप्पल हातात घेऊन जात.

जिल्हा नवा झाला तरी पाऊस मात्र जुनाच राहिला. लागोपाठ दोन वर्षं तो आलाच नाही म्हटलं तरी चालेल. आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि त्या दिवशी शाळेत हजेरी घेण्यात अर्थ नसायचा, कारण मास्तर आणि मुलं एकाच रांगेत घागरी घेऊन उभी असायची. या दुष्काळात अप्पांचा खरा कस लागला. दोन तांब्यांत आंघोळ करायची त्यांची एक पद्धत होती आणि ती ते नव्या मास्तरांना आवर्जून शिकवत. पहिला तांब्या डोक्यावर नाही, खांद्यावर ओतायचा. डोकं दुसऱ्याच्या शेवटाला. उभं राहायचं ते घमेल्यात. घमेल्यातलं पाणी लिंबाच्या झाडाला. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असता अंगणात हात धुवायला लागलो, तर त्यांनी धावत येऊन माझे हात धरले आणि मला मनगटाला धरून झाडापर्यंत नेलं. "हितं धुवा. त्याला बी प्यास असते." गल्लीत कुणाच्याही घरी भांडं कलंडल्याचा आवाज आला की अप्पा आपल्या ओट्यावरून विचारत, "रिकामं होतं का भरलं?"

अशा माणसाला समुद्राकडे नेलं ते आठवीतल्या एका मुलीने. निळ्या लुगड्याची ओहोटी चालू असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमी पाहून सांगून राहिले का वाचून?" वर्गात कुणी हसलं नाही, अप्पाही रागावले नाहीत. पण लुगड्याची घडी घालताना ती त्यांना जमेना. स्टाफरूममध्ये येऊन माझ्याशेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "जोशी सर, जूनच्या आखरीला मी रिटायर. त्याच्या आत एक तास, एकच तास, मला पाहून शिकवायचाय. चलता का?"

त्यांच्या बायकोने यायला साफ नकार दिला. "डोक्यावरून पाणी वाहून जीव गेलाय माझा, आता पाण्यावर बसून कुठं जाऊ?" तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघंच निघालो. छोट्या रेल्वेने कुर्डुवाडी, तिथून मुंबई, आणि मुंबईहून कोकणात जाणारी बोट. बोटीवर अप्पा बहुतेक वेळ डोळे मिटून कठड्याला धरून बसले होते, त्यामुळे तो समुद्र त्यांनी हिशेबात धरला नाही. "हा हलता हाय. थांबल्यावर बघू." सोबत त्यांनी आठवीचं भूगोलाचं पुस्तक, एक पेन्सिल आणि लातूरहून भरून आणलेला पाण्याचा कॅन घेतला होता. समुद्रावर जाताना घरचं पाणी नेणारे प्रवासी आम्ही दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट एका लहानशा बंदराबाहेर थांबली. आंब्याच्या पेट्या भरायच्या होत्या, दिवस जाणार होता. ज्यांना उतरायचं त्यांनी पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर जावं, संध्याकाळी पाचच्या सुमाराला धक्क्यावर यावं, असं सांगितलं गेलं. पडाव आम्हाला डोंगराला वळसा घालून खाडीत आत घेऊन गेला. धक्क्याच्या वरच्या पायरीला पाणी थपथप लागत होतं. अप्पा त्या पायरीवर उतरले, वाकले, पाण्यात करंगळी बुडवून चाखली आणि थुंकले.

"खारट!" त्यांचा चेहरा उजळला. पुस्तक उघडून त्यांनी 'समुद्राचे पाणी खारट असते' या वाक्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

मग आमची गावफेरी सुरू झाली, म्हणजे तपासणीच. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला अप्पांनी विचारलं, "हे आखात म्हणायचं का उपसागर?" म्हातारा म्हणाला, "बंदर म्हनायचा." अप्पांनी ते समासात लिहून घेतलं. वारा सुटला तेव्हा हा खारा की मतलई हे ठरवायला त्यांनी टोपी काढून भर रस्त्यात हात वर केले, तर एक रिकामी बैलगाडी त्यांच्यासाठी थांबली. मासळीबाजाराच्या तोंडाशी त्यांनी उपरण्याने नाक बांधलं, शंकराचं नाव घेतलं आणि डोळे मिटून माझ्या खांद्याला धरून तो भाग ओलांडला. "हे पुस्तकात न्हाई," असं ते उपरण्याच्या आतून दोनदा म्हणाले.

जेवायची पंचाईत होती, पण एका आळीत खाणावळीची पाटी दिसली. शाकाहारी, घरगुती. चालवणाऱ्या काकू एकट्याच होत्या. नऊवारीचा कासोटा घट्ट, आवाज खणखणीत. मागच्या अंगणात त्यांची विहीर. अप्पा हात धुवायला म्हणून गेले आणि परत येईनात. मी जाऊन पाहिलं तर विहिरीच्या काठावर बसून ते आत बघत होते. पाणी इतकं वर होतं की वाकून हात लावता आला असता, तोही मे महिन्यात. "जोशी," ते म्हणाले, सर म्हणायचंही विसरले, "रांग न्हाई हो इथं."

तेवढ्यात काकूंनी भरलेली बादली उचलली आणि अंगण धुवायला भस्सकन ओतून दिली.

"बाई!" अप्पा असे ओरडले की काकूंच्या हातून बादलीच निसटली. "काय झालं? साप आहे की काय?" काकूंनी विचारलं. अप्पांनी नुसतं वाहत्या पाण्याकडे बोट दाखवलं. काकूंना काहीच कळेना. मी मध्ये पडून आमच्या गावची थोडी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पण चेहऱ्यावरून पटल्यासारखं वाटलं नाही. जेवणात त्यांनी आम्हाला प्रत्येकी दोन तांबे पाणी ठेवलं होतं. अप्पांनी त्यातला एक परत केला.

जेवून, त्यांच्या पडवीत तासभर लवंडून आम्ही तीनच्या आसपास धक्क्यावर परत आलो, आणि जागच्या जागी उभे राहिलो.

पाणी नव्हतं.

कमी झालं नव्हतं, नव्हतंच. सकाळी जिथे पडाव डुलत होता तिथे काळा चिखल पसरला होता. होड्या कुशीवर पडल्या होत्या. धक्क्याच्या पायऱ्या, ज्यातली सकाळी एकच दिसत होती, त्या खाली चिखलापर्यंत उघड्या पडल्या होत्या, आणि चिखलातून खेकडे तुरुतुरु पळत होते. पडाववाले जेवायला गेलेले, धक्क्यावर चिटपाखरू नाही. समोर डोंगर आडवा, त्यामुळे पलीकडचा समुद्रही दिसेना.

अप्पांनी हातातला कॅन खाली ठेवला. "गेलं," ते म्हणाले.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी बी.एस्सी. होतो. चंद्राचं आकर्षण मला तोंडपाठ होतं, मी त्याच्या आकृत्या काढल्या होत्या, त्यावर मार्क मिळवले होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात चंद्र आला नाही. दोन वर्षं आम्ही विहिरी, तळी, नदी, हापसे एकामागून एक असेच आटताना बघत होतो. तळ उघडा पडला की त्याचा अर्थ एकच, हे आमच्या डोळ्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. "अप्पा, सहा तासांत?" एवढंच मी म्हणालो.

"आपल्याकडं दोन वर्षं लागली," अप्पा म्हणाले. "इथं लई जोरात चालू हाय." आणि मग त्यांना आठवलं. "अरे, ती बाई! ती अंगण धुवून राहिली!"

साठीला टेकलेला माणूस धोतर वर खोचून धावत सुटला. मी मागे. काकू ओसरीत सुपारी कातरत होत्या.

"बाई, भरून घ्या!"

"काय भरून घ्या?"

"पाणी! जे काय भांडं हाय ते भरा. इचारत बसू नका. वक्त न्हाई."

तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज होता तो. काकू उठल्याच. त्यांना वाटलं, बाहेर काहीतरी ऐकून आलेत, विहिरीत औषधबिवषध टाकणार असतील. त्यांनी कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, शेजारणीने पलीकडच्या घराला. अप्पांनी रहाटावर मला उभं केलं. हंडे, कळश्या, घंगाळं, आंघोळीचा बंब, कुठल्या तरी घरचं लग्नातलं पातेलं, सगळं येऊ लागलं. अप्पांनी लगेच रांग लावली. मध्येच घुसणाऱ्या एका जाडजूड बाईंना त्यांनी "मागं व्हा, सगळ्यांना भेटंल" म्हणून शेवटाला पाठवलं, आणि त्या मुकाट गेल्यासुद्धा. त्या आळीत आजवर कुणी पाण्यासाठी रांगेत उभं राहिलं नसेल. अर्ध्या तासात माझ्या तळहातांना फोड आले आणि आळीतलं झाकणसुद्धा रिकामं राहिलं नाही.

तेव्हा सकाळचा तो जाळंवाला म्हातारा आला. "काय चाललाय?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी अप्पांकडे. अप्पा घाम पुसत गंभीरपणे म्हणाले, "बाबा, तुमाला सांगायला जीभ उचलंना. धक्क्यावर जाऊन या. समुद्र आटला."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ओळीने मांडलेल्या भांड्यांकडे. "सुकती हाय ती," तो म्हणाला. "ओहोटी. सांजच्याला येल परत."

त्यानंतर आळीत जे हसू उसळलं त्याचं वर्णन मी करणार नाही. ती जाडजूड बाई तर विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसली. मी रहाटाची दोरी हातात घेऊन जमिनीत जायला जागा शोधत होतो. अप्पा मात्र हलले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. ते ओहोटीची व्याख्या म्हणत होते, पहिल्या शब्दापासून, आणि ती बरोबर येत होती.

काकू एकट्या हसत नव्हत्या. त्या अप्पांजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे खरंच असं जातं का हो पाणी?"

"जातं."

"आणि येत नाही?"

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. काकूंनी भरलेल्या भांड्यांकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "आता हे भरलेलं ओतून टाकलं तर तुम्ही पुन्हा ओरडणार. तेव्हा बसा त्या दगडावर दोघं. आंघोळी करा." आळीने ती सूचना उचलूनच धरली. आम्ही दोघं पंचे नेसून दगडावर बसलो आणि आळीतली माणसं एकामागून एक येऊन आपापली भांडी आमच्या डोक्यावर रिकामी करून गेली. अप्पा पहिल्या दोन कळश्यांपर्यंत "बस, बस" म्हणत होते. नंतर त्यांनी डोळे मिटले. सातव्या-आठव्या हंड्याला त्यांनी एकच तक्रार केली, की वाहून जाणारं पाणी माडाकडे वळवा. कुणीतरी विळ्याने पाट काढून दिला.

साडेचारला आम्ही धक्क्यावर जाऊन बसलो. अप्पांचं डोकं ओलं, विभूती धुऊन गेलेली, त्यामुळे ते वेगळेच माणूस दिसत होते. त्यांनी रिकाम्या खाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जोशी सर, शंकराची आण हाय तुमाला. हे शाळेत कुणाला सांगायचं न्हाई. तीस वर्षं मी ओहोटी शिकविली. समोर येऊन उभी राह्यली तर मला वळखू आली न्हाई. हे पोरांना कळलं तर माझा सगळा भूगोलच खोटा पडंल."

मी आण घेतली. वाईट वाटलं मला. मीही नव्हती ओळखली, हे त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. मला अजून बरीच वर्षं शिकवायचं होतं, त्यांच्याकडे जूनचे तीन आठवडे होते.

तेवढ्यात पाणी आलं. आधी चिखलात एक बारीक चकाकणारी रेघ, मग ती रुंद झाली, कुशीवर पडलेली एक होडी हलली आणि सरळ झाली. खालची पायरी बुडाली. अप्पा उठून उभे राहिले. दुसरी बुडाली. ते एक पायरी खाली उतरले, पाणी त्यांच्या अंगठ्याला लागलं, तसे ते एक पायरी वर आले. पुन्हा लागलं, पुन्हा वर. पडाववाला हाका मारायला लागला तरी ते तसेच एकेक पायरी मागे सरत होते आणि दर पायरीला माझ्याकडे वळून बघत होते. पुस्तक त्यांच्या पिशवीतच होतं. त्यांनी ते उघडलं नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी त्या दिवसाचा विषयच काढला नाही. जूनमध्ये शाळा उघडली, पाऊस नव्हता. अप्पांचा शेवटचा तास हेडमास्तरांनी मुद्दाम आठवीवर ठेवला आणि आम्ही सगळे मास्तर व्हरांड्यात दाराशी उभे राहिलो. अप्पा मोकळ्या हातांनी वर्गात गेले. लुगडं आणलं नव्हतं. "समुद्र," ते म्हणाले, "मी पाहून आलो." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पाण्याची चव सांगितली, वारा सांगितला, होड्या सांगितल्या. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यावर थांबले असते तर पुष्पगुच्छ घेऊन घरी गेले असते.

मग एकाने विचारलं, "सर, ओहोटी पाह्यली का?"

अप्पांनी दाराकडे पाहिलं, नेमकं माझ्याकडे. मी खाली बघितलं. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "पाह्यली. पण मला वळखू आली न्हाई." आणि त्यांनी सगळं सांगितलं. आटलेली खाडी, धावाधाव, रांग, लग्नाचं पातेलं, म्हातारा, सगळं. काही गाळलं नाही. व्हरांड्यात हेडमास्तरांनी तोंडाला रुमाल लावला होता, ड्रॉइंगचे सर भिंतीकडे तोंड करून हलत होते.

वर्गात मात्र कुणी हसलं नाही. पन्नास मुलं टक लावून बघत होती. तळ उघडा पडला म्हटल्यावर त्यांच्यातल्या प्रत्येकाने हंडाच उचलला असता.

"मग सर, पुढं?" पहिल्या बाकावरून आवाज आला.

"पुढं काय, सांजच्याला पाणी परत आलं."

"कुणी सोडलं?"

"कुणी न्हाई. आपलं आपुन आलं. दोन टायमाला येतं. रोज."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. तीस वर्षं अप्पांनी लुगडं हलवून समुद्र सांगितला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो निमूट खरा मानला होता. आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते, आणि एकाही मुलाचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

"खरं सांगून राहिलो रे," अप्पा म्हणाले. मग आण-बिण विसरून त्यांनी दाराकडे हात केला. "जोशी सर, आत या! तुमी होता का न्हाई माझ्या संगट? सांगा यांना!"

मी आत गेलो, त्यांच्याशेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "होय. मीही पाहिलं. गेलेलं पाणी परत आलं."

मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर न करताच उठली. आम्हा दोघांकडे तिने नीट बघून घेतलं.

"दोघं मिळून फेकून राहिले," ती म्हणाली आणि खाली बसली.

अप्पा हसायला लागले. टोपी पडली ती त्यांनी उचलली नाही. निरोपाचे हार घेऊन हेडमास्तर आत आले, तेव्हा ते खडूचा तुकडा घेऊन फळ्यावर पायऱ्या काढत होते, खालून वर, एकेक, आणि पन्नास मुलं ठाम नकारार्थी माना हलवत होती.